दहीकाल्याच्या रात्रीला पुरेल असा फोन

पेडण्यात जत्रांचे दिवस सुरू झाले की दशावतारी दहीकाल्याला जमलेल्या मंडळीत हल्ली एक नवा वाद रंगतो: पुढचा भारी फोन कसा असावा? माझा डिचोलीचा भाचा घडीच्या फोनचा भक्त. त्याला टायटॅनियमचा, पातळ, २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला फोन हवा. मी म्हणतो, आधी तो पहाटेपर्यंत जागू दे!

ही थट्टा नव्हे. दशावतारात आख्यान ठरलेले असते, पण संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. लिखित संहिता नसते. आज दुर्योधनाने जे भाषण ठोकले ते उद्या दुसऱ्या देवळापुढे तसेच्या तसे येणार नाही. फोनमध्ये टिपले तरच ते राहते. आणि फोनची खरी परीक्षा तिथेच होते. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर आटोपेपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते. मुख्य आख्यान तर पुढेच! फोर-के चित्रण तासाला साधारण २० जीबी जागा खाते. शिवाय झांज वाजली की फोन आपणहून सगळाच आवाज दाबतो आणि पायपेटीवरचे गाणेही त्याबरोबर दबते. बाहेरचा चांगला माईक लावावा तर हेडफोनचे भोकच नाही. ॲपलने ते २०१६ साली आयफोन ७ मधून काढले आणि मग बाकीचेही त्याच वाटेने गेले.

माझ्या कपाटात एक जुना फोन आहे. त्यात पेडणे महालातल्या एका वयस्क नटाचे पूर्ण आख्यान आहे. तो नट आता हयात नाही. फोनची बॅटरी फुगली आहे, आणि पाठ गोंदाने चिकटवलेली. दुरुस्तीवाला म्हणतो, उघडताना आतले काय वाचेल सांगता येत नाही. मेमरी कार्ड घालायची सोयच त्या फोनला नव्हती. असती तर आख्यान दोन मिनिटांत बाहेर आले असते.

"मामा, हें आतां कोण वापरता?" भाचा म्हणतो. त्याचा मुद्दा असा, की पाठ उघडणारी ठेवली तर पावसाचे पाणी आत शिरणार. आपल्याकडच्या आषाढात हा मुद्दा वजनदार खरा. पण सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ आठवा. पाठ नखाने निघायची, बॅटरी बदलता यायची, कार्ड होते, हेडफोनचे भोक होते, आणि तरीही मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा त्याचा दर्जा होता. पुढच्याच वर्षीच्या एस ६ मध्ये काढता येणारी बॅटरी गेली, कार्ड गेले आणि गंमत म्हणजे पाण्यापासूनचे संरक्षणही गेले. फक्त काच आली!

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतो. टिकाऊ बॅटरीच्या जलरोधक फोनांना त्यातून सूट आहे, म्हणजे महागडे फोन बहुधा निसटतील. असो.

धुळीवर मात्र आमचे एकमत आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ चार्जिंगच्या भोकात बसली की सुईने खरवडून काढावी लागते, हे भाच्याला माझ्याहून जास्त ठाऊक. त्यामुळे धूळ शिरणार नाही असा फोन त्यालाही हवा. बदलत्या बॅटरीवर तो आता थोडा डळमळतोय. कार्ड मात्र त्याला अजून अडगळच वाटते.