उपविधी : छोटी पुस्तिका, मोठं काम

मंडळी, वर्गात 'उप' हा उपसर्ग शिकवताना मी उपनदी, उपग्रह ही उदाहरणं द्यायचो. मोठ्याच्या आधाराने चालतं ते 'उप'. उपविधींचंही तसंच. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांचे उपविधी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या आधारावर उभे असतात. कायद्याच्या विरोधात त्यांना जाता येत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी मुलाकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या घरात लेक-जावई आले. झालं! पुढच्या बिलात बिनभोगवटा शुल्क लागलं. विचारलं तर उत्तर, "कमिटीचा ठराव आहे."

पेन्शनवर जगणाऱ्या बाईला दरमहा हा भुर्दंड! मी पुस्तिका काढली. सभासदाची विवाहित मुलगी राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. भाडेकरू असला तरी ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि उपविधी बदलायचे तर कमिटी पुरत नाही. सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, वर निबंधकांकडे नोंदणीही लागते. ती झाल्याशिवाय बदल लागू होत नाही.

वहिनींनी नियमाचा हवाला देऊन साधं पत्र दिलं. पुढच्या बिलातून ती रक्कम गेली. भांडण नाही, की वकील नाही.

आपण पंचवीस-तीस वर्षं एका इमारतीत राहतो, पण ही पुस्तिका कपाटातच राहते. मग जो मोठ्याने बोलतो, त्याचाच शब्द नियम होतो. उपविधी असतात ते मुख्यतः हळू बोलणाऱ्यांसाठी.

असो. तुमची पुस्तिका कुठे आहे, बघा जरा.