डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल

आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. शब्द, उच्चार, अर्थ अशा तीन रकान्यांच्या वह्या आम्ही वर्षानुवर्षं भरल्या. घरी वडिलांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही होती. मार्क बरे पडले. पण कॉलेजात सर बोलायला लागले, की एकेक शब्द ओळखीचा वाटायचा आणि वाक्य मात्र हातून निसटायचं. इंग्रजी मला आलं ते घाटकोपर पश्चिमेच्या एका हार्डवेअर-नेटवर्किंगच्या क्लासात. इंग्रजी शिकवणं हा तिथल्या कुणाचाच हेतू नव्हता.

ते दिवस केबलवाल्यांचे होते. टीव्हीची केबल देणारेच उपनगरांत घरोघरी इंटरनेट देऊ लागले होते. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर निळ्या-करड्या वायरी लोंबायच्या. ही वायर १०० मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून मधल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात प्लास्टिकच्या डब्यात स्विच बसवलेला असे. पावसाळ्यात हे डबे बंद पडायचे आणि वायरी तपासणाऱ्या माणसांची टंचाई व्हायची. क्लासला गर्दी होती ती याच कामासाठी. भटवाडी, असल्फा, पार्कसाइट, विक्रोळीचं कन्नमवारनगर इथली मुलं होती, बहुतेक सगळी मराठी शाळेतली. मुली दोघीच.

सर आधी अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला होते. सगळं समजावायचे मराठीत, पण यंत्राचा शब्द जसाच्या तसा ठेवायचे आणि आमच्याकडूनही तोच म्हणून घ्यायचे. पहिला धडा क्रिंपिंगचा. वायरचं आवरण सोललं, की आत आठ तारा निघतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या. हे ‘ट्विस्टेड पेअर’. का पिळायच्या? शेजारच्या जोडीचा सिग्नल हिच्यात घुसू नये म्हणून. ते घुसणं म्हणजे ‘इंटरफिअरन्स’. मग पीळ सोडवून तारा बोटांनी सरळ करायच्या आणि क्रमाने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये सारायची, वरून टूल दाबायचं. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले, की जमलं. पुढे पेपरात ‘इंटरफिअर’ हा शब्द दुसऱ्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ या अर्थाने दिसला, तेव्हा डिक्शनरी उघडावी लागली नाही. बोटांना तो आधीच ठाऊक होता.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा ठरला तो ‘पिंग’चा. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन माणसाने हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधायला पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. काळ्या पडद्यावर पिंग लिहून दुसऱ्या मशीनचा पत्ता द्यायचा, की विंडोज चार वेळा साद घालतं आणि काय झालं ते इंग्रजीत सांगतं. कधी ‘रिप्लाय फ्रॉम’. कधी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. कधी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’.

शेवटच्या दोन्हींचा अर्थ आम्ही ‘चालत नाही’ एवढाच धरायचो. सरांना ते अजिबात खपत नसे. ‘टाइम्ड आउट’ आलं, तर साद गेली असेल, पण ठरल्या वेळात उत्तर आलं नाही. समोरचं मशीन बंद असेल, फायरवॉल अडवत असेल किंवा उत्तर वाटेत हरवलं असेल. ‘अनरीचेबल’ आलं, तर त्या मशीनपर्यंत पोचायची वाटच सापडलेली नाही. आधी आपली वायर, आपला पत्ता, आपला गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) बघ. एका संदेशावर माणूस पलीकडच्या इमारतीत जातो, दुसऱ्यावर स्वतःच्या टेबलाखाली वाकतो. इंग्रजीचं एक वाक्य नीट वाचलं, की चार जिने वाचतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. ‘रीच’ शाळेत पाठ केला होता. त्याच्या आधी ‘अन’ आणि नंतर ‘एबल’ जोडून काय होतं, ते त्या पडद्याने शिकवलं. मग ‘अनअव्हेलेबल’, ‘अनेबल टू रिझॉल्व्ह’ असे संदेश आले, की मी ते फोडून वाचायला लागले.

‘ॲकनॉलेजमेंट’ हा लांबलचक शब्द रजिस्टर पत्राच्या पोचपावतीवरून पक्का झाला. टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीने पाठवलेल्या माहितीची पलीकडून पोच यावी लागते, नाही आली तर तीच माहिती पुन्हा जाते, असं सांगताना सरांनी एक जुनं ए. डी. कार्ड वर्गात फिरवलं होतं. त्यावर तोच शब्द छापलेला होता. आमच्या घरी अशी कार्डं कितीदा आली असतील, ती अक्षरं मी तोवर वाचलीच नव्हती.

अंधेरीच्या एमआयडीसीत पहिल्या नोकरीची मुलाखत झाली, तीही याच शब्दांच्या जोरावर. एका माणसाच्या मशीनवर नेट येत नाही, काय कराल, असं इंग्रजीतून विचारलं. वायर तपासेन, मग पत्ता मिळालाय का बघेन, मग गेटवेला पिंग करेन, तिथून उत्तर आलं तर बाहेरच्या पत्त्याला करेन. हे सगळं मी न अडखळता इंग्रजीत बोलले. कामाचा क्रम डोक्यात पक्का होता, त्यामुळे वाक्यंही त्याच क्रमाने येत गेली. शब्दांचे अर्थ मराठीत कळले होते म्हणूनच ते इंग्रजीत बोलता आले, असं माझं ठाम मत आहे. आयटीआयच्या मुलांना ‘सगळं इंग्रजीतूनच ऐका, आपोआप येईल’ असं सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

एका शब्दाचा उपयोग तर क्लासपासून फार लांब झाला. नेटवर्कवर मशीनला पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीने मिळतो. पडद्यावर ‘लीज ऑब्टेन्ड’ आणि ‘लीज एक्स्पायर्स’ अशा दोन ओळी येतात, तारीख-वेळेसकट. मुदत संपण्याआधी मशीन ‘रिन्यू’ मागतं. आई-वडील राहतात ती पंतनगरची म्हाडाची इमारत. तिथे पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा सोसायटीत इंग्रजी कागदांची चळत आली. खालच्या मजल्यावरच्या काकू ती चळत घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “तू कॉम्प्युटरवाली, तुला वाचता येईल.” जमीन म्हाडाची, सोसायटीला भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे पानोपानी ‘लीज’, ‘एक्स्पायरी’, ‘रिन्यूअल’. कायद्याची भाषा अवघड होती, पण सांगाडा ओळखीचा होता: कुणी दिलं, कधीपर्यंत दिलं, मुदत संपल्यावर कुणी काय मागायचं.

काकू, त्यांच्या जाऊबाई, वडील आणि मी असे सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेले, वडील पाठकोऱ्या कागदांवर लिहून घेत गेले. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा खर्च कुणी करायचा, हे एका कलमात मोघम ठेवलं होतं. काकूंनी तेवढं कलम परत दोनदा वाचून घेतलं आणि रविवारच्या सभेत त्यावरच बोट ठेवलं. वकिलाकडून लेखी खुलासा आल्याशिवाय सह्या करायच्या नाहीत, असं सभेत ठरलं.