दोन वसीयती

हमीद दलवाईंचे नाव आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या बैठकीत निघाले की एक तर विषय बदलतो, नाहीतर आवाज चढतो. (वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड म्हणतात, आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे.) तसा हा माणूस काही लांबचा नव्हे. वरंधा घाट उतरून महाड, तिथून दक्षिणेला चिपळूण, आणि चिपळूणजवळचे मिरजोळी हे त्यांचे गाव. त्यांनी लिहिले तेही मराठीतच, जी आमच्याकडचे मुलाणी-तांबोळी घरीदारी बोलतात.

१९६५ साली त्यांची 'इंधन' आली. एकत्र नांदणारे कोकणी गाव कसे पेटते, ते त्यांनी आपली माणसे न वगळता लिहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. ३ मे १९७७ रोजी ते गेले, वय पुरते पंचेचाळीसही नव्हते. त्यांनी सांगून ठेवले होते : दफन नको, धार्मिक विधी नकोत, दहन करा. तसेच झाले. आमच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या पुस्तकांपेक्षा ही वसीयतच जास्त बोचली.

ऑस्ट्रियाच्या थॉमस बर्नहार्ड या लेखकाची वसीयतही अशीच. हिटलरचे पहिले बळी आम्हीच, असे तो देश युद्धानंतर सांगत राहिला. १९३८च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झवर हिटलरच्या स्वागताला लोटलेली गर्दी मात्र कोणी आठवायची नाही. बर्नहार्डने नेमके त्या चौकाचेच नाव नाटकाला दिले. ४ नोव्हेंबर १९८८ रोजी ते बुर्गथिएटरमध्ये झाले आणि देशभर गदारोळ उठला. तीनच महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९८९ला, तो वारला. मागे लिहून ठेवले : माझे नाटक ऑस्ट्रियात करायचे नाही, पुस्तक छापायचे नाही. १९९१मध्ये चॅन्सेलर व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या वाट्याची जबाबदारी मान्य केली.

तुलना इथे अडते. बर्नहार्ड बोलत होता ते सत्ता हाती असलेल्यांना. दलवाई बोलले अल्पसंख्य जमातीशी, आणि त्यांची वाक्ये उचलून आम्हालाच झोडपणारे लगेच पुढे आले, आजही येतात. आमच्या वडीलधाऱ्यांचा राग सगळाच अडाणी नव्हता.

पण त्या रागाआड आम्ही किती झाकले? मराठवाड्याचेच पाहा. रझाकारांनी केलेले जुलूम एका घरात सांगतात. सप्टेंबर १९४८च्या पोलिस कारवाईनंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचे दुसऱ्या घरात, तेही दबक्या आवाजात. सुंदरलाल समितीने हा आकडा २७ ते ४० हजार धरला होता. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दाबून ठेवला, हे सरकारचे. रझाकार आपल्यातले होते हे आम्ही दाबले, ते आमचे. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगणारा लेखक आम्हाला हवा आहे, आणि तो आला तर आम्ही त्याला दलवाईंच्याच रांगेत उभा करू, अशी धास्तीही आहे.

बर्नहार्डची बंदी त्याच्या वारसांनी १९९८च्या सुमारास उठवली; आता त्याची नाटके व्हिएन्नात होतात. दलवाईंच्या पुस्तकांवर तर कुणाची बंदी नव्हतीच. परवा कॉलेजातल्या एका पोराने विचारले, "चाचा, ते मुसलमान होते की नव्हते?" आम्ही त्याला 'इंधन' दिली.