ऑपेरा, पवनचक्की आणि मामाची चप्पल

ऑपेरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर शिंगांचा टोप घातलेली एक भरभक्कम बाई, काच तडकेल असा तिचा वरचा सूर आणि समोर सुटाबुटातले प्रेक्षक. त्यातले निम्मे गाढ झोपलेले. बरोबर ना? पण तुम्ही गिरगावकर असाल, तर आणखी एक गोष्ट आठवेल. बसस्टॉप! आमच्या घरी ‘ऑपेरा हाऊस’ हा शब्द दिवसातून दहा वेळा यायचा आणि त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नसायचा. ‘ऑपेरा हाऊसला उतर’, ‘ऑपेरा हाऊसवरून येताना भाजी आण’... बस्स, एवढंच.

त्यामुळे मध्यंतरी ‘ग्रीन ऑपेरा’ या विषयावर लिहायचं काम आलं, तेव्हा मी आधी खो खो हसले. पण फ्रीलान्सरला विषय निवडायची चैन परवडत नाही. बसले वाचायला. आणि खरं सांगते, जाम अडकले.

सुरुवात झाली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नपासून. ससेक्सच्या हिरव्यागार टेकड्यांमध्ये १९३४ पासून तिथे उन्हाळ्यात ऑपेराचा महोत्सव भरतो. मंडळी लंडनहून ट्रेनने येतात. पुरुष काळ्या सुटात, बायका लांब गाऊनमध्ये. मोठ्या मध्यंतरात हिरवळीवर चादर पसरून डबे उघडतात, बाजूला मेंढ्या चरत असतात. आता अशा ठिकाणी पर्यावरणाचं काय काम? तर जानेवारी २०१२ मध्ये इथल्या टेकडीवर एक पवनचक्की उभी राहिली. आधी परिसरातल्या काहींनी कडाडून विरोध केला, निसर्ग विद्रूप होईल म्हणून. रीतसर सार्वजनिक चौकशी झाली, मगच परवानगी मिळाली. उद्घाटनाला आले साक्षात सर डेव्हिड अ‍ॅटनबरो. पहिल्या दहा वर्षांचा हिशेब केला, तर ग्लाइंडबोर्नला लागते त्याहून थोडी जास्तच वीज या एका चक्कीने दिली. सही ना?

फक्त वीज नाही. नाटकाचा सेट ही तर कचऱ्याची मोठी खाण. कोविडमुळे थिएटरं बंद पडली, तेव्हा ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी एकत्र येऊन ‘थिएटर ग्रीन बुक’ नावाची नियमावली तयार केली. तिची अगदी पहिली पायरी अशी, की सेट-कपड्यांमधलं निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं हवं आणि प्रयोग संपल्यावर ६५ टक्के सामान पुन्हा कुठेतरी वापरात जायला हवं.

हा फंडा मी मोठ्या कौतुकाने मामाला ऐकवला. माझा मामा तीसेक वर्षं मराठी नाटकांना बॅकस्टेज करायचा. फ्लॅट उभे करणं, लेव्हल लावणं, प्रयोग संपला की सगळं बसवर चढवणं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “बाय, यात नवीन काय? एका नाटकाचा दिवाणखाना दुसऱ्या नाटकात रंग मारून वाडा व्हायचा. फ्लॅट फेकून द्यायला काय बापाची पेंड होती?”

माझ्या लेखाची हवाच गेली! गरजेपोटी आपण जे कायम करत आलो, त्याला आता छान इंग्रजी नाव मिळालंय, एवढंच.

पण खरी गंमत पुढे आहे. ग्लाइंडबोर्नची मंडळी १९६८ पासून दरवर्षी गावोगावी दौरा करायची. ज्यांना तो सूट आणि ते तिकीट परवडत नाही, त्यांच्यापर्यंत ऑपेरा यामुळे पोचायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने त्यांचं अनुदान निम्म्यावर आणलं आणि २०२३ पासून तो दौरा बंद झाला. म्हणजे बघा, पवनचक्की जोरात फिरतेय आणि ऑपेराचं फिरणं मात्र थांबलं! पर्यावरणाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी, पण माणसांचं काय? तरी स्थानिक लोकांना घेऊन ऑपेरा करायची जुनी प्रथा त्यांनी सोडलेली नाही. २०२५ च्या सुरुवातीला तिथे ‘अपरायझिंग’ झाला. संगीतकार जोनाथन डव्ह. गोष्ट पर्यावरणासाठी उभ्या राहणाऱ्या एका शाळकरी मुलीची. आणि व्यावसायिक गायकांबरोबर रंगमंचावर होती आसपासची पोरंसोरं आणि मोठी माणसं.

याच्याही पुढे गेला तो ग्रॅहम विक. ऑपेराच्या जगातला मोठा दिग्दर्शक. बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरात त्याने १९८७ मध्ये कंपनी काढली, तीच आजची बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनी. तिला स्वतःचं ऑपेरा हाऊसच नाही! बंद पडलेला कारखाना, जुना बॉलरूम, बागेतला तंबू, मिळेल तिथे प्रयोग. गायक व्यावसायिक, पण कोरसमध्ये आणि अभिनयाला शहरातले शेकडो हौशी लोक. प्रेक्षक बहुधा उभेच आणि नाटक त्यांच्या मधूनच घडतं. जुलै २०२१ मध्ये कोविडमुळे विक गेला. तोवर ऑपेराचं नावही न ऐकलेली कितीतरी माणसं त्याच्यामुळे ऑपेरा गाऊन गेली होती.

मामाला फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हे तर आपलं दशावतारच की गं!”

आता येऊ या आपल्या बसस्टॉपकडे. चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभं राहिलं. तिथे बालगंधर्व गायले, पृथ्वीराज कपूर उभे राहिले. पुढे त्याचं सिनेमागृह झालं आणि १९९३ मध्ये ते बंद पडलं. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. मी मोठी झाले ती त्याचं बंद दार बघत. मग वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली अनेक वर्षं काम चाललं आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दार उघडलं. पहिल्या कार्यक्रमात गायली मुंबईत जन्मलेली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. माझ्या मते, ही मुंबईतली सर्वांत ‘ग्रीन’ गोष्टींपैकी एक. जी इमारत पाडलीच नाही, तिच्यासाठी नवं सिमेंट, नवं स्टील लागत नाही. टॉवरच्या जंगलात हे केवढं मोठं काम!

तर गेल्या वर्षी मला तिथल्या एका कार्यक्रमाचे दोन पास मिळाले. मामाला फोन केला. मला वाटलं, पठ्ठ्या उडी मारेल. तो क्षणभर गप्प बसला आणि मग विचारलं, “तिथे काय घालून जायचं?”

हा तोच मामा, जो कॉलेज बुडवून चपलेवर तिथे पिक्चर बघायला जायचा. ज्याने आयुष्यभर रंगमंच उभे केले. ती चाळ सुटली, घर डोंबिवलीला गेलं, तेही त्याने निमूट सोसलं. पण स्वतःच्याच गल्लीतलं थिएटर आता ‘आपलं’ राहिलं नाही, हे त्याने इतक्या सहज मान्य केलं, ते मला फार लागलं. कुणी त्याला अडवलं नव्हतं. कुठे पाटीही नव्हती. चकाकणारं झुंबर बघून त्याने स्वतःच ठरवलं, की हे आपलं काम नाही. त्या दिवशी तो आला नाही. दुसरा पास वाया गेला.

तेव्हापासून ‘सस्टेनेबल’ हा शब्द ऐकला की मला वीज आणि प्लास्टिकच्या आधी माणसं आठवतात. ग्लाइंडबोर्नचा तो काळा सूट काय आणि मामाची चप्पल काय, प्रश्न एकच. इमारत टिकेल, कलाही टिकेल, पण बघणारी माणसंच दरवर्षी कमी होत गेली, तर टिकवलं कुणासाठी? विकला हे कळलं होतं. म्हणून त्याने लोकांना आधी आत बोलावलं नाही, तो स्वतःच बाहेर गेला.

तुम्ही-आम्ही काही ऑपेरा कंपनी काढणार नाही. पण नाटक असो, मैफल असो की ऑफिसतर्फे मिळालेले फेस्टिव्हलचे पास असोत, पुढच्या वेळी नेहमीच्या गँगला जरा बाजूला ठेवा. सोबत अशा कुणाला तरी न्या, जो ‘काय घालून जायचं?’ असं विचारेल. आणि त्याला सांगा, “आहेस तसा ये!”