'ऊर्जातज्ज्ञ' म्हणजे नक्की कोण?

विजेचे दर वाढले, कोळसा कमी पडला, स्मार्ट मीटर आले, असं काही झालं की संध्याकाळी टीव्हीवर चार चौकटी उघडतात. एकीत सत्ताधारी, दुसरीत विरोधक, तिसरीत ग्राहकांच्या बाजूचं कुणीतरी आणि चौथीत एक शांत गृहस्थ, ज्यांच्या नावाखाली पट्टी असते : 'ऊर्जातज्ज्ञ'. पहिले तिघं भांडून दमले की अँकर म्हणतो, 'आता तज्ज्ञांकडे जाऊ.' मग ते बोलतात आणि घरोघरी माना डोलतात.

डॉक्टरला मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. वकिलाला सनद लागते. घरात वायरिंग करणाऱ्यालाही परवाना लागतो. एनर्जी ऑडिटर व्हायचं तर केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा द्यावी लागते. 'ऊर्जातज्ज्ञ' व्हायला मात्र काहीच लागत नाही, पट्टी टाइप करणारा माणूस मिळाला की झालं.

मी तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं पत्रकारिता करतोय. विजेच्या बातम्या म्हणजे आमची रोजची भाजी-भाकरी. डीपी जळाली, भारनियमन, शेतीपंपाला रात्रीची लाइट, बिलावरून मोर्चा. त्यामुळे कुणी 'तज्ज्ञ' म्हणून समोर आला की मी दोन प्रश्न विचारतो : आधी कुठे होता? आणि सध्या पैसे कुठून मिळतात? दुसरा प्रश्न काहींना उद्धट वाटतो. मला तो 'गाव कुठलं' इतकाच साधा वाटतो.

या क्षेत्रातले लोक साधारण चार वाटांनी येतात.

पहिली वाट इंजिनिअरांची. जुन्या वीज मंडळात किंवा २००५ मध्ये त्याचे तुकडे झाल्यावर महावितरण, महापारेषण, महानिर्मितीत आयुष्य घालवलेले. यांना यंत्रं कळतात, ग्रिड कळते. पण आपल्याच खात्याचे आकडे खोटे असू शकतात, हे मान्य करायला जड जातं.

दुसरी वाट सनदी अधिकाऱ्यांची. आज आरोग्य, उद्या महसूल, परवा ऊर्जा. फाइल कशी फिरते आणि कुठे अडते हे यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पण खातं समजेपर्यंत बदली होते.

तिसरी वाट पैशाची : सीए, एमबीए, बँकवाले, सल्लागार कंपन्यांतले लोक. करार यांनाच वाचता येतो, कारण तो यांच्यासारख्यांनीच लिहिलेला असतो. मात्र हे एका वर्षी सरकारचे सल्लागार असतात आणि पुढच्या वर्षी कंपनीचे.

चौथी वाट बाहेरून आलेल्यांची : ग्राहक संघटना, अभ्यासगट, कामगार संघटना. यांच्या हातात सही नसते, फक्त कागद असतात.

यातली कुठलीच वाट वाईट नाही. पण प्रत्येकाला प्रकल्पाचा वेगळा भाग दिसतो, आणि कोण कुठल्या वाटेनं आलाय हे माहीत नसेल तर ऐकणाऱ्याला काय दाखवलं जातंय तेच कळत नाही. महाराष्ट्राला हे एकदा फार महागात पडलंय. दाभोळ आठवा.

१९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनबरोबर पहिला समझोता झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार. एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले हे अर्थशास्त्राचे पीएचडी. कंपनीत येण्याआधी ते अमेरिकेच्या फेडरल पॉवर कमिशनमध्ये होते आणि नंतर गृहखात्यासारखं नाव असलेल्या, पण जमीन आणि खनिजं सांभाळणाऱ्या त्यांच्या इंटिरियर खात्यात. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या घरात राहून आलेले. त्यांच्यानंतर सर्वोच्च खुर्चीत बसलेले जेफ्री स्किलिंग हार्वर्डचे एमबीए, मॅकिन्से या सल्लागार कंपनीतून आलेले. समोर आपलं मंडळ. त्यातल्या इंजिनिअरांनी मोठमोठी केंद्रं चालवली होती, पण डॉलरशी बांधलेला दर आणि वीज घ्या अथवा नका घेऊ, ठरावीक पैसे मोजायचेच, हे कलम पुढची वीस वर्षं काय करेल, हा वेगळ्याच विद्येचा प्रश्न होता.

सावध करणारे नव्हते असं नाही. जागतिक बँकेनं १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता. वीज कर्मचाऱ्यांच्या संघटना विरोधात होत्या. पुण्याच्या 'प्रयास' गटातले गिरीश संत आणि त्यांचे सहकारी कराराचा हिशेब मांडून दाखवत होते. संत आयआयटीत शिकलेले इंजिनिअर होते. कुठल्या कंपनीत गेले असते तर कुठल्या कुठे पोचले असते. ते बाहेर राहिले आणि सरकारी कागद सामान्य माणसाला समजेल असा करत राहिले. २०१२ मध्ये ते अकाली गेले.

पण तेव्हा 'तज्ज्ञ' कुणाला म्हणायचं? ज्याच्या मागे कंपनी आणि सरकार आहे तो तज्ज्ञ. जो हिशेब तपासतो तो 'विकासविरोधी'.

१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढे मंडळानं वीज कमी उचलली तरी ठरलेले पैसे द्यावे लागत होतेच, त्यामुळे काही महिने युनिटचा भाव सात रुपयांच्याही वर गेला. २००१ मध्ये सरकारला माधव गोडबोले समिती नेमावी लागली. ही समिती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. गोडबोले लोकांना केंद्रीय गृहसचिव म्हणून माहीत होते, पण ते राज्याचे वित्त सचिव आणि खुद्द वीज मंडळाचे अध्यक्षही राहिले होते. बरोबर एचडीएफसीचे दीपक पारेख, म्हणजे सीए. किरीट पारीख, ज्यांनी इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र दोन्ही केलेलं. 'टेरी'चे आर. के. पचौरी, ज्यांची सुरुवात वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्यात झाली. आणि ई. ए. एस. शर्मा, केंद्रात ऊर्जा सचिव राहिलेले. इतक्या वेगवेगळ्या वाटांची माणसं एका टेबलाभोवती बसली तेव्हा केंद्र आणि राज्य दोन्हीकडचा कारभार कसा कोलमडला, हे स्पष्ट शब्दांत कागदावर आलं. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. हे टेबल १९९२ मध्ये मांडलं असतं तर?

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची, कारण तिच्यात शेतकरी आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं की गळती १७-१८ टक्केच आहे आणि बाकीची वीज शेतीपंप पितात. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, त्यामुळे पंपांचा वापर अंदाजानं धरला जायचा. तो जितका फुगवाल तितकी गळती आणि चोरी कागदावर कमी दिसणार. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, आकड्यांची उघड छाननी सुरू झाली आणि गळतीचा आकडा तीस टक्क्यांच्या पुढे गेला. इतकी वर्षं शेतकऱ्याच्या नावावर खपवलेली बरीचशी वीज त्याच्या विहिरीपर्यंत पोचलीच नव्हती.

हे ऐकल्यावर आमच्याकडचे एक निवृत्त लाइनमन हसले. म्हणाले, "आम्हाला माहीत होतं की. कुठला फिडर रात्री किती लोड घेतो ते सबस्टेशनच्या लॉगशीटवर रोज लिहायचो. वरून कुणी मागितलंच नाही." बत्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस. त्यांच्या नावाखाली 'ऊर्जातज्ज्ञ' अशी पट्टी मी अजून पाहिलेली नाही.

आता म्हणाल, मग कंपनीशी संबंध असलेल्याचं ऐकायचंच नाही का? ऐकायचं. २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरवरून राज्यभर ओरड सुरू होती. (जूनमध्ये सरकारनं सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं, त्याच्या आधीची गोष्ट.) आमच्या गावात व्यापाऱ्यांच्या एका संघटनेनं व्याख्यान ठेवलं. वक्ते निवृत्त अधीक्षक अभियंता, ओळख 'ज्येष्ठ ऊर्जातज्ज्ञ'. छान बोलले. शेवटी मी विचारलं, "सर, सध्या आपण कुठे काम बघता?" ते क्षणभर थांबले आणि सरळ म्हणाले, "मीटरच्या कामातल्या एका कंपनीला तांत्रिक सल्ला देतो."

सभागृहात कुजबुज झाली. आयोजक माझ्याकडे रागानं बघत होते. पण मग पिठाच्या गिरणीवाले एक काका उठले : "मग साहेब, तुम्हाला आतलं माहीत असणार. मीटर जास्त पळालं तर आम्ही तपासायचं कसं?" साहेबांनी नीट सांगितलं : चेक मीटर मागा, दोन्ही मीटर काही दिवस शेजारी चालू द्या, रीडिंग रोज वहीत लिहा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दीड तासाच्या भाषणात लोकांच्या उपयोगाचं जे होतं ते या दोन मिनिटांत आलं. माणूस कुठे उभा आहे ते कळलं म्हणून त्याला योग्य प्रश्न विचारता आला.

कायद्यालाही हे कळतं. वीज कायदा २००३ चं कलम ८४ सांगतं की आयोगाच्या सदस्याला इंजिनिअरिंग, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन यातलं पुरेसं ज्ञान हवं. निवड समितीनं नाव सुचवण्याआधी त्याचे आर्थिक किंवा इतर हितसंबंध आड येत नाहीत ना, याची खात्री करायची असते. पद सोडल्यावर दोन वर्षं व्यावसायिक नोकरी धरता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आयोगात कायद्याच्या क्षेत्रातला एक सदस्य असलाच पाहिजे. म्हणजे कोण कुठून आलाय यानं निकालात फरक पडतो, हे देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टानं मान्य केलंय. मग तीच चौकशी आपण टीव्हीवरच्या आणि पेपरातल्या तज्ज्ञाची का करत नाही?

माझंही सांगून टाकतो, नाहीतर दुसऱ्याला विचारायचा हक्क राहत नाही. बारावी कॉमर्स, मग पत्रकारितेची पदविका. विजेतली कुठलीही डिग्री नाही. मी ज्या साप्ताहिकात लिहितो त्याला सोलर पंप विकणाऱ्या डीलरांच्या जाहिराती येतात. सोलरवर मी काही लिहिलं तर हे लक्षात ठेवून वाचा.

संपादक मित्रांना एकच विनंती. 'ऊर्जातज्ज्ञ' हा शब्द काढा आणि तिथे खरं लिहा. 'माजी मुख्य अभियंता, सध्या अमुक कंपनीचे सल्लागार.' 'ग्राहक संघटनेचे कार्यकर्ते.' 'निवृत्त लाइनमन.' पट्टी थोडी लांब होईल, होऊ दे.

आणि वाचकांना : दरवाढीचा प्रस्ताव आला की त्याचा गोषवारा पेपरात छापावाच लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. हरकत नोंदवायला डिग्री लागत नाही. इचलकरंजीचे प्रताप होगाडे चळवळीतून, राजकारणातून आलेले आणि वीज ग्राहकांच्या बाजूनं वर्षानुवर्षं आयोगापुढे आकडे घेऊन उभे राहतात. तुमच्या गावातही सबस्टेशनवर, लाइनवर आयुष्य घालवलेलं कुणीतरी आहे. त्यांना ही पोस्ट दाखवा. पुढच्या सुनावणीला त्यांना बरोबर न्या, आणि बोलायची वेळ आली की माइक आधी त्यांच्या हातात द्या.