चर्चच्या पोटातील देवालय

रोममधील कोलोसियम पाहून लॅटरनच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला थोड्याच अंतरावर डाव्या हाताला सान क्लेमेन्तेचे चर्च लागते. बाहेरून ते इतके साधे आहे, की अनेक जण न थांबता पुढे जातात. परंतु ख्रिस्ती धर्म आणि त्याच्या आधीचा प्राचीन रोमन धर्म यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न ज्याच्या मनात आहे, त्याने या दारातून आत जावे. येथे तो प्रश्न पायऱ्या उतरत पाहता येतो.

रस्त्याच्या पातळीवरील चर्च बाराव्या शतकातील आहे. वेदीमागच्या अर्धगोल घुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर काचमण्यांचे विशाल चित्र आहे. मध्यभागी क्रूस, त्यावर बारा शुभ्र कबुतरे, पायथ्याशी झऱ्याचे पाणी पिणारी हरणे आणि क्रूसाच्या मुळापासून उगवून सारा घुमट व्यापणारी वेल. वेलीच्या वळणांत पक्षी आहेत, मेंढपाळ आहेत, कोंबड्यांना दाणे टाकणारी एक स्त्रीही आहे. अशा वेली रोमन कारागीर ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीपासून घरांच्या व देवालयांच्या भिंतींवर काढीत आले होते. द्राक्षवेल तर मद्यदेव बाकसचीच खूण. येथे तीच वळणे क्रूसाला बिलगली आहेत.

हे चर्च सांभाळणाऱ्या आयरिश डोमिनिकन संघाचे फादर जोसेफ मुलूली यांनी १८५७ साली जमिनीखाली खोदकाम सुरू केले, तेव्हा खाली दुसरे चर्च सापडले. ते चौथ्या शतकातील होते. संत जेरोमने ३९२ साली त्याचा उल्लेख केलेला आहे. स्लाव्ह लोकांना लिपी देणारे संत सिरिल ८६९ साली रोममध्ये निवर्तले, त्यांचे दफन येथेच झाले. पुढे ११०० च्या सुमारास हे जुने चर्च मातीदगडांनी भरून त्यावर नवे उभारले गेले. मात्र गायकवृंदासाठी केलेले सहाव्या शतकातील संगमरवरी कठडे खालून काढून वर आणून बसविले. जुने घर सोडताना देव्हारा तेवढा बरोबर न्यावा, तसे हे झाले.

आणखी एक जिना उतरला की इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील रोम लागते. विटांच्या अरुंद खोल्या, दगडी चिऱ्यांच्या भिंती, दमट हवा आणि कुठेतरी वाहत्या पाण्याचा अखंड आवाज. हे पाणी वाहून नेण्यासाठी १९१२ ते १९१४ या काळात भुयार खणावे लागले. येथेच एका खोलीत मिथ्रस देवाचे स्थान आहे. छत गुहेसारखे कमानदार, दोन्ही बाजूंना भोजनासाठी दगडी बैठका आणि मध्ये एक वेदी. वेदीवर तरुण मिथ्रस बैलाचा वध करताना कोरलेला आहे.

मिथ्रस हे नाव भारतीय वाचकाला परके वाटू नये. इराणी मिथ्र आणि ऋग्वेदातील मित्र ही एकाच प्राचीन नावाची रूपे आहेत. रोमन मिथ्रसने इराणकडून नावाखेरीज आणखी किती घेतले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. त्याच्या पंथात सात पायऱ्यांची दीक्षा होती आणि ती फक्त पुरुषांना मिळे. सैनिक, मुक्त झालेले गुलाम, जकात नाक्यांवरील कारकून असे लोक त्यात असत. ओस्तिया या रोमच्या व्यापारी बंदरात अशी पंधराहून अधिक स्थाने सापडली आहेत. माल उतरला, हिशेब मिटले, की ही माणसे छोट्या अंधाऱ्या खोलीत एकत्र जेवत.

त्याच काळात, त्याच शहरात, ख्रिस्ती मंडळीही कुणाच्या तरी घरी जमून भाकरी आणि प्याला वाटून घेत होती. हे साम्य त्या काळच्या लोकांनाही खटकले. इसवी सन १५० च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने तक्रार केली, की मिथ्रसच्या विधीतील भाकरी आणि पाण्याचा प्याला ही आमच्या विधीची सैतानाने केलेली नक्कल आहे. आज काही जण नेमके उलट सांगतात, की ख्रिस्ती लोकांनीच मिथ्रसचे सारे उचलले. दोन्ही विधाने घाईची आहेत. पंगत हा त्या समाजातील प्रत्येक मंडळाचा, व्यवसायसंघाचा आणि पंथाचा सामान्य रिवाज होता. एकाच पेठेतील दोन दुकानांत एकच तराजू दिसला, म्हणजे एकाने दुसऱ्याचा चोरला असे होत नाही.

काही साम्ये तर नंतरच्या लोकांनी रचलेली आहेत. मिथ्रस कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याला बारा शिष्य होते, असे आजही छापले जाते. रोमन शिल्पांत मात्र तो खडकातून जन्म घेताना दिसतो. बारा शिष्यांचा प्राचीन पुरावा नाही, असतात ते राशिचक्राची बारा चिन्हे. व्यापारी माणूस नाणे वाजवून घेतो. साम्यही तसेच वाजवून घ्यावे.

काही साम्ये मात्र खणखणीत वाजतात. २५ डिसेंबर ही रोमन पंचांगात मकरसंक्रमणाची, दिवस पुन्हा मोठा होऊ लागण्याची तिथी होती. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगग्रंथात याच तारखेला ‘अजिंक्य’ सूर्याचा जन्मदिवस आणि येशूचा जन्म, दोन्ही नोंदलेले आहेत. ख्रिस्ती विद्वानांनी २५ मार्च या गर्भधारणेच्या दिवसापासून नऊ महिने मोजून ही तारीख काढली असेही एक मत आहे. कारण कोणतेही असो, लोकांच्या मनात सूर्य मावळला नव्हता. पाचव्या शतकाच्या मध्यास पोप लिओ यांना आपल्याच अनुयायांना समज द्यावी लागली, कारण सेंट पीटरच्या पायऱ्यांवर ते आत जाण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करीत.

आणि काही गोष्टी जाणीवपूर्वक घेतल्या गेल्या. ६०१ साली पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रचारकांना कळविले, की मूर्ती काढाव्यात, पण चांगली बांधलेली देवालये पाडू नयेत. ती पवित्र करून वापरावीत. ६०९ साली रोममधील पँथिऑन चर्च झाले, म्हणूनच ते आजवर उभे आहे. सान क्लेमेन्तेच्या गुहेच्या वाट्याला हे आले नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिची उपासना थांबली आणि वर चर्चचा भाग चढला. जेत्याने कुठे जतन केले, कुठे पुरले. इतिहासाने दोन्ही लिहून ठेवावे.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या प्रवाशाची नजर मात्र त्या बैलाशी थबकते. एवढ्याशा खोलीत प्रत्यक्ष बैल मारणे अवघडच. ते देवकथेचे चित्र आहे. परंतु बाहेर, रोमच्या मोठ्या देवालयांसमोर, पशुबळी हा धर्माचा गाभाच होता. ३९१ साली सम्राट थिओडोसियसने बळी देण्यास बंदी केली. वेदीवरचे रक्त थांबले, शब्द मात्र राहिला. चर्चमध्ये दिल्या जाणाऱ्या पातळ, पांढऱ्या, गव्हाच्या भाकरीला लॅटिनमध्ये ‘होस्तिया’ म्हणतात, आणि होस्तिया म्हणजे बळीचा पशू.

यशोधर राजाची कथा ऐकलेल्या वाचकाला यातील प्रश्न ओळखीचा वाटेल. राजाने बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा, पण संकल्प वधाचा होता, म्हणून फळही वधाचे भोगावे लागले. येथे गाठ उलटी आहे. शब्द वधाचा, पण ख्रिस्ती श्रद्धेनुसार बलिदान एकदाच झाले, ते येशूने स्वतःचे केले. वेदीवर आता कोणाचाही जीव घेतला जात नाही. शब्द जुना, वस्तू धान्याची, आणि भाव बदललेला. म्हणून दोन धर्मांतील साम्य मोजताना ‘हे कोठून आले’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ते कशासाठी वापरले गेले’ हेही विचारावे लागते. उगम एक असूनही अर्थ वेगळा असू शकतो आणि अर्थ वेगळा असला तरी उगम नाकारता येत नाही.

रोमला जाणाऱ्या कुटुंबांनी सान क्लेमेन्तेसाठी निदान दीड तास राखून ठेवावा. खाली उतरण्यास तिकीट आहे, पायऱ्या ओलसर आहेत, वृद्धांना हात द्यावा. गुहा पाहून वर आल्यावर घुमटातील वेलीकडे पुन्हा एकदा सावकाश पाहावे. तिची मुळे किती खोल गेली आहेत, हे तोवर पायांना कळलेले असते.