बाळाला घेऊन मुंबईला : विमानातल्या जागेची तयारी



परमेश्वराच्या कृपेने मूल जन्माला आलं की आपल्या बेने इस्राएल घरांत दोन गोष्टी लगेच ठरतात. एक, मलिदा करायचा. दुसरी, बाळाला एकदा भारतात नेऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मांडीवर द्यायचं. पहिली गोष्ट अश्दोद, लोद, दिमोना, कुठेही होते. दुसरीसाठी विमानात बसावं लागतं.

१९९२ साली दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. त्याआधी ही वाट सोपी नव्हती. कित्येक आजी-आजोबा नातवंडांचे फक्त फोटो पाहून गेले. आता वाट आहे, म्हणून आम्ही निघालो. नात आठ महिन्यांची आणि तिची पणजी ठाण्याला, वय नव्वदीच्या पुढे. "डोळ्यांना दिसत नाही, हाताने चाचपून बघेन, पण आणा," असा तिचा निरोप होता. तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायची सोयच नव्हती.

तिकीट काढण्याआधी मुलगी आणि जावई कागद-पेन्सिल घेऊन जागांचा नकाशा मांडून बसले. त्यातून जे शिकायला मिळालं ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के पडतं, पण त्यात जागा मिळत नाही. मूल प्रवासात असतानाच दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला पूर्ण जागा घ्यावी लागते. तारीख आधीच बघा.

मांडीवरच्या बाळासाठी समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, विमानवाले त्याला बॅसिनेट म्हणतात. तो फक्त भिंतीसमोरच्या रांगेत लागतो आणि असे पाळणे मोजकेच असतात. वजनाची मर्यादा पुष्कळ ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास असते, लांबीचीही असते. प्रत्येक कंपनीचा नियम निराळा, म्हणून बाळाला वजनकाट्यावर ठेवून मगच फोन करावा. मूल आपलं आपण उठून बसत असेल तर पाळण्यात एकटं सोडू नये.

महत्त्वाची गोष्ट अशी की मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी पाळणा वेगळा मागावा लागतो. पहिला टप्पा पुष्कळदा एकाच वाटेच्या लहान विमानाचा असतो आणि त्यात पाळणा बहुधा नसतोच. आमचंही तसंच होतं. म्हणून आम्ही रात्रीचा लांब टप्पा मोठ्या विमानाचा येईल असं तिकीट निवडलं आणि चार तासांचा पहिला टप्पा मांडीवर काढला.

भिंतीसमोरच्या जागेला खोडीही आहेत. हात ठेवायच्या दांड्या वर होत नाहीत, कारण जेवणाची फळी त्यांतच असते. पुढे खुर्ची नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही. उड्डाण आणि उतरताना सगळं वर जातं. म्हणून दोन डायपर, एक दुपटं आणि दुधाची बाटली आधीच काढून जवळ ठेवावी. विमान हलायला लागलं, पट्ट्याची खूण पेटली, की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं. त्यासाठी वेगळा छोटा पट्टा देतात.

आणखी एक. डोक्यावरच्या प्राणवायूच्या मुखवट्यांत प्रत्येक बाजूच्या रांगेला साधारण एकच जादा असतो. त्यामुळे दोन कुटुंबं आपापलं बाळ घेऊन एकाच बाजूला शेजारी बसू म्हणतील तर ते जमत नाही. बहिणी-बहिणी जोडीने जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा. आणीबाणीच्या दाराजवळची ऐसपैस जागाही बाळवाल्यांना देत नाहीत.

विमानतळावर मात्र परीक्षा झाली. महिनाभर आधी ठरवलेली पाळण्याची जागा दुसऱ्याच कोणाला दिलेली! खिडकीवरची मुलगी म्हणे, "इथे काही दिसत नाही." जावयाने आवाज चढवला नाही. कंपनीचं लेखी उत्तर छापून आणलं होतं, ते पुढे ठेवलं. दहा मिनिटांत जागा मिळाली. फोनवरच्या 'हो'वर विसंबू नये, कागद हवाच.

उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा बाळाला पाजावं. गिळलं की कान मोकळे होतात. आमच्या नातीला आईने बरोबर तेव्हाच पाजलं आणि ती मुंबईचे दिवे दिसेपर्यंत शांत राहिली. भारताचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच तास पुढे असतं. त्यामुळे पहिले दोन दिवस बाळ रात्री जागं राहतं. त्या दिवसांत कोणाला जेवायला बोलावू नये.

ठाण्याला पणजीने तिला मांडीवर घेतलं. नाक, कान, हनुवटी बोटांनी बघितली आणि म्हणाली, "हनुवटी आपल्या घरची हाय!" नातीने तिची बांगडी धरली ती सोडीना.

नंतर अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेलो, जिथे एलियाहू हन्नाबीच्या घोड्याच्या टापांच्या खुणा खडकावर दाखवतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटार नेणारी बोट २०२० पासून सुरू आहे. साधारण तासाभरात पलीकडे. बाळाची गाडी, पिशव्या, सगळं मोटारीतच राहतं, उचलाउचल नाही. रस्त्याने जायचं तर जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतूही आहे. खडकापाशी पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा मांडला, प्रार्थना केली, नवस फेडला. नात सगळा वेळ केळ्याकडे बघत होती.

पणजी आजही फोनवर आधी हनुवटीचीच चौकशी करते. ज्यांच्या घरी तान्हं आहे आणि तिकडे कोणी वाट बघतंय, त्यांनी जागा लवकर धरावी, कागद जपून ठेवावा आणि निघावं. एलियाहू हन्नाबी वाटेत सांभाळेल.